लायलॅकची एकच सरळ काठी

चेनसॉचा आवाज आला तेव्हा मृणालिनी पोळ्या लाटत होती. खिडकीतून पाहते तो काय, शेजारचा डेल तिच्या आवारात उभा आणि लायलॅकच्या जांभळ्या फुलांच्या झाडांचं कुंपण एकेक बुंध्याने आडवं होतंय! नोव्हाय गावात घर घेतलं त्याच वर्षी तिने स्वतःच्या हाताने लावलेलं. आपटा इथे कुठून मिळणार, म्हणून दसऱ्याला त्याचीच पानं ती सोनं म्हणून वाटायची. या डेलच्याही हातात दरवर्षी द्यायची, आणि हा बाबा ते पान हौसेने टोपीत खोचायचा.

ती लाटणं हातात घेऊन तशीच धावली. डेल सकाळपासून प्यायलेला. मोटारीच्या कारखान्यातून त्याला कमी केलं होतं, आणि त्याच्या जागी वेल्डिंगचे रोबो बसवणाऱ्यांत तिचा नवरा पुरुषोत्तम होता. "गो होम!" डेल ओरडला. म्हणे घरी जा! घर तर पाठीमागेच होतं की! तिने त्याची बाही धरली, त्याने कोपराने ढकललं आणि ती ताज्या तोडलेल्या बुंध्यावर आपटली. मनगटाचं हाड कडकन मोडलेलं तिला स्वतःला ऐकू आलं. मेल्याने वळूनही पाहिलं नाही, पुढचा बुंधा कापायला घेतला.

पोलिस आले. बाई पाय घसरून पडल्या, असं डेलने सांगितलं. साक्षीदार कोणी नव्हता. पोलिस निघून गेले.

पुरुषोत्तम कधी आवाज चढवणारा माणूस नव्हता. तिला प्लास्टर घालून घरी आणल्यावर तो मागे गेला आणि तोडलेल्या ढिगातून मनगटाएवढ्या जाडीच्या काठ्या निवडू लागला.

"अहो, काय करताय?"

"धनुष्य. ऑक्टोबरात हरणांच्या शिकारीचा सीझन असतो. गवताच्या गठ्ठ्यावर सराव करणाऱ्या हौशी माणसाचा एखादा बाण चुकतो. चुकू शकतो ना? बंदूक घेतली तर शंभर प्रश्न विचारतील. आणि मला याच झाडाने मारायचंय त्याला."

रागाच्या भरात बोलतोय, असं तिला वाटलं. पण त्याने लायब्ररीतून धनुष्य बनवायचं पुस्तक आणलं, बेसमेंट झाडून काढलं, तेव्हा तिला कळलं, हा खरंच करणार.

लायलॅकचं लाकूड महाहट्टी. टोकांना लगेच मेण फासलं नाही तर बघता बघता चिरा पडतात, आणि वाळताना ते पिळलेल्या चादरीसारखं मुरडतं. पुरुषोत्तमने टोकं मेणात बुडवली. काठ्या एका अंगाने तासून पातळ केल्या, दुसऱ्या अंगाची फक्त साल सोलली, आणि एकेक काठी सरळ फळीवर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळून बांधली. हे सगळं घर तापवणाऱ्या फर्नेसपासून लांब, थंड कोपऱ्यात. "सावकाश वाळायला हवं," तो सांगायचा. "उष्णता लागली की लाकूड संपलं." ऑफिसातून आला की बूट न काढता आधी खाली. काठी सोडायची, किचनच्या काट्यावर तोलायची, पुन्हा आवळायची. वजन उतरायचं थांबलं की वाळली.

काठ्या मात्र एकामागून एक मुरडत गेल्या. काही टोकापासून टोकापर्यंत तडकल्या. प्रत्येक काठी तडकली की मृणालिनीला मनातून बरं वाटायचं. तो ती गुडघ्यावर धरून मोडायचा आणि तुकडे भिंतीवर फेकायचा. एकदा तुकडा उडून त्याच्याच हनुवटीला लागला, रक्त आलं, तरी हा हसला. ते हसणं तिला अजिबात ओळखीचं नव्हतं.

उन्हाळा सरला तेव्हा एकच काठी उरली. सरळ, गुळगुळीत, मधोमध जांभळ्या रेषा असलेली.

"मारून काय मिळणार आहे तुम्हाला?" ती विचारायची. "तो मरेल, तुम्ही जन्मभर तुरुंगात सडाल, आणि मी? हा वाकडा हात घेऊन मी परक्या देशात एकटी काय करू?"

"तुझा हात बघितला की माझं डोकं फिरतं," एवढंच तो म्हणायचा. मनगट वाकडं जुळलं होतं हे खरं, पण ते तिचं होतं ना!

काठी जाळून टाकावी असं तिच्या मनात शंभरदा आलं. पण जाळली तर तो कुऱ्हाड घेऊन जाईल, हेही तिला ठाऊक होतं. लाकूड आपणहून फुटायला हवं. मग तोच कंटाळून सोडून देईल. थंडी पडली, फर्नेस सुरू झाली, आणि तो ऑफिसला गेला की मृणालिनी ती फळी उचलून फर्नेसच्या तापलेल्या पाइपावर ठेवू लागली. तो यायच्या आत पुन्हा जागेवर. पण त्या मेणाने घात केला. काठीला साधी चीर पडेना.

"वजन अजून उतरतंय!" पुरुषोत्तम खुशीत सांगायचा. "मला वाटलं होतं वाळली. काय लाकूड आहे, मृणाल!"

दसऱ्याला त्याने पाटावर पाने-पक्कड, गाडीची किल्ली आणि त्या काठीचं तासून केलेलं नवं धनुष्य मांडलं. तिने हळदकुंकू वाहिलं. तोडलेल्या बुंध्यांना फुटवे आले होते, त्यांची चार पानं तिने वर ठेवली.

बाहेर डेल आपल्या मागच्या दारी खुर्ची टाकून बिअर पीत होता. पुरुषोत्तमने गवताचा गठ्ठा त्याच्याच दिशेने मांडला होता. त्याने धनुष्य जरा वाकवून पाहिलं. टिक् असा बारीक आवाज झाला.

"अहो, ते वाजलं."

"दोरी वाजली."

"नका ओढू. माझं ऐका, त्या लाकडाला मी—"

"बाजूला हो!"

त्याने बाण लावला, गठ्ठ्यावरून नेम डेलच्या छातीवर नेला आणि दोरी कानापर्यंत ओढली.

गोळी सुटावी तसा आवाज झाला. धनुष्याचे तीन तुकडे झाले आणि वरचा तुकडा सरळ त्याच्या उजव्या डोळ्यात घुसला. बाण गवतात कुठेतरी पडला. पुरुषोत्तम गुडघ्यांवर कोसळला, बोटांमधून रक्त नुसतं उसळत होतं, आणि तो जनावरासारखा ओरडत होता.

डेल बिअर टाकून बुंधे ओलांडत धावत आला. "जीझस! आय सॉ इट ब्रेक!" बिचाऱ्याला वाटलं, सराव करताना अपघात झाला.

मृणालिनीने त्याच वाकड्या हाताने त्याच्या थोबाडीत मारली. खाडकन! मनगटातून अशी कळ गेली की तिच्या डोळ्यांसमोर अंधारी आली. मग तिने गाडीची किल्ली त्याच्या अंगावर फेकली.

"नाउ ड्राइव्ह!"

गाल चोळत डेल गाडीत बसला. मागच्या सीटवर तिने पुरुषोत्तमचं डोकं मांडीवर घेतलं आणि डोळ्याभोवती पदर धरला. पदर पाहता पाहता लाल झाला.

"फुटलं कसं?" तो कण्हत म्हणाला. "मी सगळं नीट केलं होतं."

"मी फर्नेसवर ठेवत होते ती काठी. रोज."

मग त्याने तिचं वाकडं मनगट इतकं घट्ट धरलं की जुनं हाड ठणकायला लागलं. तिने सोडवून घेतलं नाही.

"त्याने तुझा हात मोडला," तो म्हणाला, "आणि माझा डोळा तू फोडलास."

"हो, मी फोडला!" तिला रडू फुटलं. "मला वाटलं तडकेल, तुम्ही फेकून द्याल. मला मेलीला काय कळतंय लाकडातलं! शिव्या घाला, आयुष्यभर घाला. पण घरी बसून घालाल. तुरुंगातून नाही."

"नेम बरोबर छातीवर होता गं."

"दिसला मला."

डेलने घाबरून आरशात पाहिलं. त्याच्या गालावर तिची बोटं उमटली होती. "काय म्हणतोय तो?" त्याने इंग्रजीत विचारलं.

मृणालिनीने नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग आरशातल्या त्या गालाकडे.

"फास्टर," ती म्हणाली. "ही सेज, ड्राइव्ह फास्टर."

डेलने लाल सिग्नल तोडून गाडी हॉस्पिटलच्या रस्त्याला घातली.