पाठीवरची बटणं

माझा भाऊ तेओद्यूल गेला तेव्हा मला रडू आलं नाही. कांद्याचं सूप चुलीवर होतं, ते उतरवलं आणि त्याची बंडी शोधायला लागले.

ही बंडी म्हणजे त्याचीच टूम. बटणं पाठीवर. "माणसाला एकट्याने कपडेसुद्धा घालता येऊ नयेत, ऑनरीन," तो म्हणायचा, "म्हणजे रोज सकाळी त्याला आठवेल की आपल्याला भाऊ लागतो." तेव्हा बेलव्हीलच्या टेकडीवरच्या या घरात खोल्या अपुऱ्या पडत. कवी, इंजिनियर, एक घोड्यांचा डॉक्टर, सगळे नवा समाज उभारायला आलेले, एकमेकांना भाऊ म्हणायचे आणि अंगणात एकामागे एक उभे राहून पुढच्याची बटणं लावायचे. बंड्या मी शिवल्या. मलाही एक हवी होती. नव्या समाजात बायकांचा प्रश्न सगळ्यात शेवटी घेऊ, असं मला सांगण्यात आलं आणि मटार सोलायला दिले.

मग एकेक जण पांगला. कुणी रेल्वेत शिरला, कुणी संसारात. उरलो आम्ही दोघं. तो खिडकीकडे तोंड करून येणाऱ्या युगाबद्दल बोलायचा, आणि मी मागे उभी राहून बटणं लावायची.

शेवटच्या दुखण्यात त्याने एकच मागितलं. बंडी घालूनच पुरायचं, आणि निदान एक बटण तरी कुणा भावाने लावायचं. मी हो म्हटलं, सगळ्यांना निरोप धाडले.

आला एकटा एव्हारिस्त, रेल्वेवाला. पोट सुटलेलं, हातमोजे चढवलेले, कोटाची बटणं सरळ पुढे.

प्रेताची तयारी करणारा माणूस बंडी उलटीसुलटी करून बघत होता. "वा! आम्हाला एरवी कपडा पाठीवर फाडावा लागतो. हा आधीच उघडा. शिंप्याला अक्कल होती, बाई."

"शिंपी मीच."

"मग बटणं राहू द्या की. खाली कोण बघायला जातंय?"

एव्हारिस्त फिसकन हसला. मग लाजून त्याने रुमाल काढला.

"एकच लाव," मी म्हटलं.

"मला नाही गं बघवत, ताई. तूच लाव. तुझ्या हाताला सवय आहे." हातमोजे त्याने काढलेच नाहीत. "खाली गाडी खोळंबलीय," म्हणाला आणि गेला.

मी तेओद्यूलला कुशीवर वळवलं आणि सगळी बटणं लावली. राग यायला हवा होता. आत काहीच नव्हतं, मुंग्या येऊन बधिर झालेल्या पायासारखं.

मग काळा झगा घातला. त्याचे हुक पाठीवर, सगळ्याच बायकांच्या झग्यांचे असतात तसे. खालचे हात मागे नेऊन लावायचे, वरचे खांद्यावरून. मधल्यांसाठी दाराच्या चौकटीला पाठ घासायची. अख्खा भाऊवाडा बाहेर उभा असतानाही मी ते असेच लावत आले. तुझे कोण लावतं, असं माझ्या भावाने कधी विचारलं नाही.

पेटी पुढे गेली, मी मागून जिना उतरले. खाली दारावर राखणीला बसणाऱ्या मादाम पिगालने मला दंडाला धरून थांबवलं. जन्मभर तिने माझ्या भावाला 'उलटा' म्हणून चिडवलं होतं.

"अगं, थांब! मधले दोन उघडेच की. अशी जाणार लोकांत?"

लसणाच्या वासाच्या बोटांनी तिने हुक लावले, पाठीवर थाप मारली. "हं. चल आता."

मला चालताच येईना. मी तिथेच पायरीवर बसले आणि ओक्साबोक्शी रडले. मादाम पिगालला वाटलं, भावासाठी.