जयवंत नावाचा ठोकळा

विग विंचरायला लाकडी डोकं लागतं. त्यावर विग ताणून बसवायचा, कडेनं टाचण्या ठोकायच्या, मगच कंगवा हातात घ्यायचा. अंधेरीला स्टुडिओच्या मागच्या आमच्या खोलीत अशी डोकी फळीवर ओळीनं मांडलेली असत. त्यातल्या एका ठोकळ्याचं नाव मी जयवंत ठेवलं होतं. त्याच्यावर काम करायला मला फार आवडायचं. टाचणी ठोकताना हात जरा जोरात पडायचा, एवढंच.

खरा जयवंत माझा नवरा होता. लग्नाला वर्ष होतंय तोच मला टायफॉइड झाला. ताप उतरला आणि केस मुठीमुठीनं गळायला लागले. शेवटी उरलेले सासूनंच कापून टाकले. घरात जयवंतच्या मावसभावाचं लग्न तोंडावर आलं होतं. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "तुला घेऊन चारचौघांत बसायचं कसं?" मग बरी होईपर्यंत म्हणून मला वाकोल्याला माहेरी आणून सोडलं. मी बरी झाले. केसही परत आले, पूर्वीपेक्षा दाट. जयवंत काही आला नाही, वकिलाचे कागद आले. पुढे कानावर आलं की त्यानं नाहूरला घर केलंय आणि दुसरी बायको आणलीय, अनुपमा, गुडघ्यापर्यंत वेणीवाली. गड्याची आवड पक्की होती.

उघडं डोकं झाकायला मी सीताराममामांकडे केसांचा टोप मागायला गेले होते. मामा नाटक कंपन्यांचे जुने टोपवाले. त्यांच्याकडे मी कामालाच राहिले आणि त्यांच्यामागे त्यांची गिऱ्हाइकं माझ्याकडे आली. जुन्या काळातली केशभूषा हवी असली की लोक मला शोधत यायचे. ओल्या केसांना बोटांनी दाबत कानावरून लाटा उतरवायच्या, मानेवर सैल अंबाडा सोडायचा, की मेलेल्या आज्या जिवंत झाल्यासारख्या वाटायच्या. रागावलेल्या बाईला इतकं नाजूक काम जमतं याचं मामांना शेवटपर्यंत नवल वाटलं.

टीव्हीवर घरोघरी मालिकांचं वेड लागलं त्या दिवसांत चंद्रप्रकाश नावाच्या दिग्दर्शकानं पन्नास वर्षांपूर्वीच्या एका नाटक कंपनीवर मालिका काढली. विगचं सगळं काम माझ्याकडे आलं. आणि एका सकाळी माझ्या खुर्चीत जयवंत येऊन बसला. कामगारांच्या नाटकांत तो पूर्वीपासून हौसेनं कामं करायचा, तिथून त्याला कुणीतरी उचललं होतं. काम मोठं होतं: कंपनीचा एके काळचा नट, जो सगळं गमावून पुन्हा कंपनीच्या दारात उभा राहतो.

त्यानं मला आरशात ओळखलं. मी त्याच्या कपाळाकडे बघत होते. तिथं एक नायलॉनचा विग बसला होता, इतका वाईट की मला माझ्या धंद्याची लाज वाटली.

"काढा तो," मी म्हटलं.

त्यानं उठून दार लावलं आणि विग काढला. खाली गुळगुळीत टक्कल. कानांवर दोन झुबके तेवढे उरले होते. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

मग तो गयावया करायला लागला. नाहूरला बायको सोडली तर टकलाचं कुणालाही माहीत नव्हतं. मुलुंडच्या कारखान्यात तर त्याला हिरो म्हणायचे. मालिका लागेल तेव्हा अख्खी बिल्डिंग त्याच्याकडे टीव्ही बघायला जमणार होती. "कमळ, कुणाला बोलू नको गं," तो म्हणाला. मी म्हटलं, एक शब्द बोलणार नाही.

त्या रात्री डोक्यात नाही नाही ते आलं. डिंक कमी लावावा, म्हणजे ऐन शॉटमध्ये विग घसरेल. पण मग लोक म्हणाले असते, कमळच्या हातात दम राहिला नाही. माझं काम मी त्याच्यापायी का नासवू? उलट मी आयुष्यातला सगळ्यात देखणा विग केला. मधोमध भांग, दोन्हीकडे लाटा, मानेवर रुळणारी टोकं. तो डोक्यावर चढवल्यावर जयवंत आरशात बघतच राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तेच हवं होतं. जे जायचंय त्याची आधी गोडी लागलेली बरी.

चंद्रप्रकाश बघायला आले. माणूस तोंडाचा फटकळ, पण नजर पक्की. विग बघून झकास म्हणाले आणि विचारलं, "हा शेवटी दारात येतो तेव्हा काय करायचं? थोडे पांढरे?"

मी शब्द पाळला, तोंड उघडलं नाही. नुसता मानेकडून विग सोडवला आणि उचलला.

चंद्रप्रकाश त्या डोक्याभोवती एक चक्कर मारून आले. मग म्हणाले, आता सीन मिळाला. हा दारात येणार, सगळ्या कंपनीसमोर स्वतःच्या हातानं विग काढणार आणि काम मागणार. जयवंत पांढराफटक पडला. नाही जमणार, साहेब, असं काहीतरी पुटपुटला. जमत नसेल तर बाहेर नंदू नावाचा नट बसलाय, तो तुझ्या जागी डोकं तासून येईल, असं सांगून चंद्रप्रकाश निघून गेले.

"तू सांग ना त्यांना," जयवंत म्हणाला. "डिंकानं कातडी निघते म्हण, काहीपण म्हण. मी लोकांना तोंड कसं दाखवू?"

संसार केला तेवढे दिवस मी त्याला अहो म्हणत आले होते.

"चारचौघांत बसायला शिक, जयवंत," मी म्हटलं. "मी शिकले."

काम त्याला सोडवलं नाही. सीनच्या दिवशी फ्लोअर माणसांनी भरला होता. त्यानं विग काढला, संवाद अर्ध्यात तुटला. तो अभिनय नव्हता हे फक्त मला माहीत होतं. चंद्रप्रकाशना मात्र तो सीन भारी आवडला. त्यांनी वेगवेगळ्या बाजूंनी पुन्हा पुन्हा घेतला आणि दर वेळी मी पुढे होऊन विग चिकटवला, म्हणजे त्याला परत काढता येईल. मी इतकी वर्षं वाट बघितली होती ती याचीच.

जेवणाची सुट्टी झाली. तो कोपऱ्यात बाकावर बोडक्या डोक्यानं बसला होता आणि त्याच्या बाजूला कुणी फिरकत नव्हतं. तेवढ्यात फाटकातून एक बाई डबा घेऊन आली. वेणी बघूनच ओळखलं, ती अनुपमा होती, त्याची बायको. तिनं त्याला बघितलं, मग सगळ्या युनिटला बघितलं. मला वाटलं, ही आता पदरानं त्याचं डोकं झाकेल नाहीतर आल्या पावली परत जाईल. तिनं काहीच केलं नाही. त्याच्या अंगाला लागून बसली, डबा उघडला आणि भाकरीचा तुकडा त्याच्या हातात दिला. चार नाही, चांगल्या चाळीस जणांत.

मला एवढंच हवं होतं तेव्हा. शेजारी कुणीतरी बसायला. मला ते त्यानं दिलं नाही आणि आज मी माझ्या हातांनी त्याला मिळवून दिलं.

मी त्या दोघांजवळ गेले, बाकावरचा विग उचलला.

"उद्या सकाळी लवकर ये," मी त्याला म्हटलं. "क्लोजअप राहिलाय."

अनुपमानं मलाही भाकरी पुढे केली. मी घेतली नाही. खोलीत येऊन विग जयवंतवर चढवला आणि टाचण्या ठोकल्या, लागतात त्याहून कितीतरी जास्त.