टेडचा ओरखडा

मित्रांनो, मी एक जुनी चामड्याची बॅग आहे. माझ्याकडे पाहून तुम्हाला हे खरे वाटणार नाही, कारण मी आता नव्या बुटासारखी चकचकते. आणि या चकाकीचाच मला संताप आला आहे.

माझा जन्म इंग्लंडमधल्या वॉल्सॉल गावी झाला. जाड तपकिरी कातडे, पितळी बक्कल आणि हाताने घातलेले टाके. एका सिनेमा कंपनीने मला विकत घेतले आणि मी पडद्यावरच्या हेर फेनविकची बॅग झाले. लोकांना वाटायचे, माझ्यात गुप्त नकाशे आहेत. खरे म्हणजे वजन यावे म्हणून माझ्यात टेलिफोनची जुनी डिरेक्टरी कोंबलेली असे.

बंदरावरच्या पाठलागात मला घेऊन जो धावला, तो फेनविकचे काम करणारा नट नव्हताच. तो तंबूत चहा पीत बसला होता. त्याच्याऐवजी टेड स्किनर नावाचा तरुण धावला. शेवाळलेल्या पायऱ्यांवरून तो घसरला, त्याचे मनगट मोडले आणि लोखंडी कड्याला घासून माझ्या झाकणावर आडवा, खोल ओरखडा उमटला. मनगट मोडले तरी टेडने मला सोडले नाही. दिग्दर्शकाने तेच दृश्य सिनेमात ठेवले. टेडचा चेहरा मात्र कुठेच दिसला नाही. साऱ्या सिनेमात त्याची म्हणावी अशी एकच गोष्ट होती, तो ओरखडा.

शूटिंग संपल्यावर कंपनीने मला टेडलाच देऊन टाकले. पुढे टेड आणि त्याची बायको मॉरीन यांनी स्टुडिओमागच्या गल्लीत 'निळा बगळा' हा पब चालवायला घेतला. तिथे मला काचेच्या पेटीत मानाची जागा मिळाली. टेड वारला, त्यानंतर रोज सकाळी मॉरीन पेटी उघडायची, ओरखड्यावरून अंगठा फिरवायची आणि म्हणायची, "उठलास का रे?" मग ती ग्लास पुसायला लागायची.

दर मंगळवारी पबमध्ये फेनविकच्या चाहत्यांची बैठक भरे. मंडळाचा अध्यक्ष नॉर्मन, रेल्वेतून निवृत्त झालेला तिकीट तपासनीस. त्याच्या बरोबरीने बोलणारी ग्वेन, शाळेची बस चालवणारी. यंदा स्टुडिओत नवा फेनविकपट सुरू झाला आणि मंडळाला दुसरा विषयच उरला नाही.

"कुंपणाच्या फटीतून पाहिलं मी!" ग्वेन एकदा धापा टाकत आली. "साठ सालची मोटार ट्रकवर चढवत होते."

नॉर्मनने टेबलावर थाप मारली. "मग ठरलंच की! फेनविकच्या तरुणपणाची गोष्ट आहे. माझा शब्द लिहून ठेवा."

"मागच्या खेपेला खलनायक त्याची आईच निघणार म्हणाला होतास," मॉरीन म्हणाली. "तेही लिहून ठेवलंय आम्ही."

"हस गं, हस. पण तरुणपणी त्याची बॅगही कोरीच असणार ना? सिनेमावाले मागायला आले, तर ही असली खरवडलेली द्यायची?"

"तिला नावं ठेवू नकोस. आणि सगळ्यांना बियर पाजायची पाळी तुझी आहे."

पाळीचे नाव निघताच नॉर्मनला नेहमीप्रमाणे मोरीची आठवण झाली आणि तो सटकला.

पुढच्या आठवड्यात मॉरीन बहिणीकडे व्हिटबीला गेली. पेटीची एक किल्ली अध्यक्ष म्हणून नॉर्मनकडे असे. त्याने मला घरी नेले आणि स्वयंपाकाच्या टेबलावर आडवे पाडले. सॅंडपेपरने घासले, ओरखड्यात पुट्टी भरली, वर रंग आणि मेण चढवले. माझे पितळी बक्कलही त्याने बदलले. मित्रांनो, हे सारे करताना तो मजेत शीळ घालत होता! वैऱ्याने केले असते तर मी समजले असते. याने मायेने केले, म्हणून माझा अधिकच जळफळाट होतो. विचारायला याची जीभ झिजली असती का?

मॉरीन परतली, तेव्हा मंडळाने माझ्यावर टेबलक्लॉथ टाकून ठेवला होता. नॉर्मनने तो झोकात ओढला. टाळ्या पडल्या. मॉरीनचा अंगठा सवयीने झाकणावर आला आणि नुसता घसरत गेला.

"ओरखडा कुठाय?" तिने विचारले.

"भरून काढला! मागमूसही राहिला नाही," नॉर्मन छाती फुगवून म्हणाला.

मॉरीन आतल्या खोलीत निघून गेली. त्या दिवशी बियर ग्वेनने ओतली.

दोनच दिवसांनी सिनेमाच्या कलाविभागातली आयला नावाची बाई खरोखरच आली. मला पाहून तिचा चेहरा पडला.

"आम्हाला जुनी बॅग हवी होती. फेनविक आता म्हातारा झालाय. नदीच्या गाळात त्याची बॅग सापडते आणि तो ती ओरखड्यावरून ओळखतो. सगळी गोष्टच त्यावर उभी आहे."

"पण ती मोटार?" ग्वेनने चाचरत विचारले.

"ती होय? ती आमच्या मालकांची. गॅरेजला चालली होती."

जाताना आयला म्हणाली, "हरकत नाही, आम्ही नकली बनवून घेऊ. ओरखड्यासकट."

हरकत नाही म्हणे! टेडने मनगट मोडून जे उमटवले, ते आता कोणीतरी खुर्चीत बसून कोरणार होते. तेवढ्यात नॉर्मन उठला आणि न सांगता सगळ्यांसाठी बियर घेऊन आला. एकानेही ग्लासला हात लावला नाही.

काही दिवसांनी वर्तमानपत्रात चित्रीकरणाचा फोटो आला. मंडळात नुकताच आलेला एकजण ओरडला, "अस्सल बॅग! तो ओरखडा बघा!"

"ती खोटी आहे," नॉर्मन खाली मान घालून म्हणाला. "खरी माझ्या हातून गेली. मॉरीन, मी तुला विचारायला हवं होतं."

"हो, हवं होतं," मॉरीन म्हणाली.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी जरूर घ्या. धूळ पुसा, ओल लागू देऊ नका. पण एखादी खूण घासून काढण्याआधी तोंड उघडा आणि विचारा, ही कोणाची आहे? आम्हाला बोलता येत नाही, तुम्हाला तर येते ना!

मॉरीन अजून रोज सकाळी पेटी उघडते. तिचा अंगठा जिथून ओरखडा जात होता, नेमका तिथूनच जातो. पण आता ती काही विचारत नाही.