चौथ्या रिळातला नाच

मित्रांनो, मी एक जुनी फिल्म आहे. अख्खा सिनेमा नव्हे. हॉलिवूडच्या एका जुन्या संगीतपटाचे फक्त चौथे रीळ. घाबरणे हा माझा स्वभावच आहे. उन्हाला भ्यावे, धुळीला भ्यावे, घामट बोटांना भ्यावे, अशीच आमची जात.

एका प्रयोगशाळेत अंधारात मला रसायनांतून काढले, वाळवले, आणि माझ्या अंगावर एक नाच उमटला. रेल्वेच्या फलाटावर नायक-नायिका सामानाच्या ढकलगाड्यांमधून नाचतात. कॅमेरा मध्ये कुठेही थांबत नाही. दोघे डोक्यापासून पायांपर्यंत सतत दिसतात, त्यामुळे लपवाछपवीला जागाच नाही. मध्येच नायिकेच्या बुटाचा पट्टा तुटतो. ती डगमगते, खुदकन हसते आणि दोन्ही बूट भिरकावून देते. नायकही ताल न चुकवता आपले बूट काढतो. हे ठरवलेले होते की खरेच घडले, मलाही ठाऊक नाही. पण त्यांचा लागलेला दम माझ्यात ऐकू येतो.

मग मी एका थिएटरात आले. प्रोजेक्टरच्या दातांवर चढताना दर वेळी वाटायचे, आता मी फाटणार. तिथला ऑपरेटर हात पुसून मला उचलायचा आणि पुटपुटायचा, "सांभाळून गं बाई." त्याच्या बायकोला सगळे वहिनी म्हणत. दुपारच्या खेळाला त्याचा डबा घेऊन ती नेमकी माझ्या वेळेला यायची आणि भिंतीतल्या छोट्या खिडकीला डोळे लावायची.

"अगं, जेवण गार होतंय," तो म्हणायचा.

"होऊ दे. आधी तिचे बूट जाऊ देत!"

खाली शिट्ट्या, टाळ्या. तेवढ्या वेळापुरती माझी भीती पळून जायची.

पुढे थिएटर बंद पडले. आम्हाला परत न्यायला वितरकाकडून कोणी आले नाही. भंगारवाल्याने माझी भावंडे हातगाडीवर रचली. ऑपरेटरने मला छातीशी धरले. "एवढं एक मला राहू दे," तो म्हणाला.

त्याच्या घरी मी कपाटावर राहिले. तो मला अधूनमधून पुसायचा. तो गेल्यावर मात्र कोणाचा हात लागला नाही. वर तापलेले छप्पर, खाली बंद डबा. आणि एके दिवशी मला माझ्याच अंगाचा वास आला. आंबट, व्हिनेगरसारखा. मित्रांनो, हा आमचा रोग. फिल्म आतून आंबते, आक्रसते, वेडीवाकडी होते. डब्यात कोंडलेला तोच वास रोग आणखी वाढवतो. काल होता त्यापेक्षा आज जास्त आहे का, एवढाच विचार मी करत राहायची.

शेवटी सुनेला वास लागला. "आई, वर काहीतरी आंबलंय. घरभर शोधून थकले मी!"

मुलाने डबा काढला. "टाकू का? चालवायला मशीन तरी कुठंय आता?"

"तुझ्या बाबांचे कपडे दिलेस, घड्याळ दिलंस, मी बोलले नाही," वहिनी म्हणाली. "ह्याला हात लावायचा नाही."

चौकशी करून ते मला जुन्या फिल्मा जपणाऱ्या एका कार्यशाळेत घेऊन गेले. तिथल्या बाईने मला उलगडून पाहिले आणि तिचा चेहरा पडला. "आजी, ही एकदाच चालेल. चालताना चित्रं कॉम्प्युटरवर उतरवून घेता येतील. पण मधेच तुकडे पडले तर?"

"आई, नकोच. आहे तशी असू दे," मुलगा म्हणाला.

वहिनीने माझा रिकामा डबा नाकाशी नेला. मग म्हणाली, "डब्यात ठेवून नुसता वास घेत बसू? चालव गं तू."

मी हळूहळू फिरू लागले. अंग कडकड वाजत होते. कॉम्प्युटरच्या पडद्यावर फलाट आला, ढकलगाड्या आल्या, पट्टा तुटला.

"हसली! बघितलंस, हसली!" वहिनीने मुलाचा हात घट्ट धरला.

पण गाभ्याजवळ माझे वेढे एकमेकांना चिकटले होते. ओढ बसली आणि मी फाटले. पडदा पांढरा झाला. नाचाचा शेवट गेला.

"आजी, खूप प्रयत्न केला हो," बाई म्हणाली.

वहिनी टेबलाला धरून उठली. "शेवटी ती अशी वळते." तिने खरेच एक गिरकी घेतली, अर्धीच. मुलगा धावला. "धर मला, पण मधे येऊ नकोस," ती म्हणाली. "मग तो टोपी पुढं धरतो, अशी. आणि ही बया त्यात आपले मोजे टाकते!"

बाईने मोबाइल काढून ते सगळे टिपून घेतले. आता कोणी तो नाच बघायला मागितला, की पडदा पांढरा झाल्यावर ती वहिनीची गिरकीही दाखवते.

मित्रांनो, तुमच्या घरी असा डबा असेल तर आजच उघडा. थंड, कोरड्या जागी ठेवा, जाणकाराला दाखवा. आणि जुना नाच बघायला बसलात तर पुढे पळवू नका. कोणीतरी दम लागेपर्यंत तुमच्यासाठी नाचले आहे.

मी आता थंड खोलीत असते. बाई माझ्या डब्यात कागदाची निळी पट्टी ठेवते. रोग वाढला की ती हिरवी होते, मग पिवळी. आज तिने डबा उघडला आहे. पट्टी दिव्यासमोर धरून ती बघते आहे. मला इथून रंग दिसत नाही.