घरच्यांचा वार

आमच्या गल्लीत आता नेमकं राहतं कोण, ते मलाही सांगता यायचं नाही. घरांच्या मागे मोठं हॉस्पिटल आलं आणि एकेका घराच्या पुढच्या खोल्या पाहुण्यांच्या झाल्या. पाहुणे म्हणजे परदेशातून गुडघे, खुबे, डोळे दुरुस्त करून घ्यायला येणारे पेशंट. हॉस्पिटलात शिपायापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना पाहुणेच म्हणतात. आणि आपण जे इथले, ते घरचे. ऐकायला किती गोड वाटतं! आम्हीही पुढची खोली हॉस्पिटलला भाड्याने देऊन टाकली. पांढरी चादर, पलंगाशी घंटी, संडासात धरायला दांडी, सगळं त्यांच्या नियमाप्रमाणे. हे आणि मी स्वयंपाकघरामागच्या खोलीत सरकलो.

ह्यांची गाडी होती. विमानतळावर नावाची पाटी धरून उभं राहायचं, पाहुण्याला आणायचं आणि बरा झाला की नेऊन सोडायचं, हा ह्यांचा धंदा. लंगडत आलेली कितीतरी माणसं मी चालती करून पाठवली, असं हे ऐटीत सांगायचे, जसं काही ऑपरेशन ह्यांनीच केलं. मग ह्यांचाच डावा खुबा गेला. क्लच दाबायला पाय उचलेना. मोठ्या डॉक्टरांनी एक्स-रे बघितला आणि सांगितलं, खुबा बदलायला हवा, फार लांबवू नका, नाहीतर हा माणूस पुन्हा धड चालायचा नाही.

लांबवत आम्ही नव्हतो. घरच्यांसाठी आठवड्यातला एकच वार ठेवलेला, गुरुवार. त्या दिवशी एखादा पाहुणा जास्तीचा आला की घरच्यांपैकी कुणालातरी फोन जायचा, पुढच्या वेळी या. असे फोन आम्हाला किती आले, मी मोजायचं सोडून दिलं. एकदा तर ह्यांना उपाशीपोटी, हिरवा झगा घालून बाकावर बसवलं आणि दुपारी कपडे बदलून घरी पाठवलं. जास्तीचे पैसे भरतो म्हटलं तरी वार तोच.

ह्यांच्या बहिणीची मुलगी पाहुण्यांच्या काउंटरवर कामाला आहे. तिला मी फैलावर घेतलं. घरचं माणूस आत बसलेलं असून आमचे असे हाल व्हावेत? ती म्हणाली, मामी, पाहुण्यांचं परतीचं तिकीट काढलेलं असतं, त्यांची तारीख हलवता येत नाही. मामांना कुठे जायचंय?

मला पोरीचा राग आला नाही. बोलली ते खरंच होतं. जो निघून जाणार त्याचं आधी, आणि इथंच राहणारा काय, कधीही येईल.

आमचा मुलगा परदेशात नोकरीला. पुढची अक्कल त्याची आणि माझी, ह्यांची नव्हे. ह्यांनी मुलाकडे जायचं, तिथला पत्ता लावायचा आणि तिथून पाहुणे म्हणून पॅकेज घेऊन यायचं, परतीच्या तिकिटासकट. भाचीने खूप आढेवेढे घेतले, पण शेवटी मामावर जीव तिचा, तिने कागद केले. पॅकेजचा आकडा मी दोनदा वाचून बघितला. तिकडच्यांना हेच स्वस्त वाटतं, म्हणून तर विमानं भरभरून येतात. आम्हाला गाडी विकावी लागली, कमी पडले ते मुलाने घातले. हे म्हणाले, पाय असला तर दुसऱ्याची गाडी चालवीन, त्यात काय. भाचीने विचारलं, गुरुवारच्या यादीतून मामांचं नाव काढू का? मी म्हटलं, राहू दे गं बाई, काढायला गेलीस की चार जण विचारतील का काढलं.

तर हे विमानात बसून गेले, मुलाच्या खोलीत खिडकीपाशी बसून राहिले आणि तिथून आपल्याच घरामागच्या हॉस्पिटलात यायला निघाले. विमानतळावर ह्यांच्या नावाची पाटी धरून जो उभा होता, त्यानेच ह्यांची गाडी घेतलेली. आपल्याच गाडीत मागच्या सीटवर बसून हे घरी आले. खोली आमचीच मिळेल हे भाचीने बघितलं होतं. पाहणीला हॉस्पिटलची बाई यायची, तिच्यासमोर हे मला म्हणायचे, बाई, जरा पाणी मिळेल का? ती गेली की आम्ही दोघं तोंड दाबून हसायचो. घंटी वाजवायची तर ह्यांना भारी हौस लागली. इतक्या वर्षांच्या संसारात पाण्याच्या तांब्यासाठी ह्यांनी माझे आभार मानले, ते त्याच दिवसांत.

ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं, तासभरही इकडेतिकडे नाही. मोठे डॉक्टर खोलीत आले, पट्टी बघितली, व्हेरी गुड म्हणाले आणि गेले. मग एका सकाळी हे कुबड्या घेऊन दारापासून फाटकापर्यंत गेले आणि मागे वळून माझ्याकडे बघितलं. मला रडू फुटलं. या सगळ्या प्रकरणात मी रडले ती तेवढीच.

परतीच्या तिकिटाचा दिवस आला. हे कुठे गेले नाहीत, पण गेले असं झालं. भाचीने संगणकावर लिहिलं, सुखरूप रवाना. पुढच्या खोलीत दुसरा पाहुणा आला आणि हे माझ्याजवळ मागच्या खोलीत. व्यायाम करून घेणारी बाई पुढच्या खोलीतल्याला शिकवायची, मी दाराआडून बघायचे आणि तसंच ह्यांच्याकडून करून घ्यायचे.

मग ह्यांना ताप आला. टाक्यांपाशी लाल झालं, पट्टी ओली लागायला लागली. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, ज्याने बसवलंय त्यानेच उघडून बघायला हवं. मी भाचीकडे गेले. ती काउंटरवरून उठून जिन्यात आली. मामी, फाईल बंद झाली, संगणकावर मामा घरी पोहोचलेत. उघडली तर विचारतील, माणूस इथं कसा? एवढं बोलून ती तोंडाला ओढणी लावून रडायला लागली. मी घरी येऊन ह्यांना सांगितलं, उद्या तिथे जाऊन असा तमाशा करते की बघत राहतील. हे म्हणाले, पोरीची नोकरी घालवू नकोस. आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

मी पुढच्या पाहुण्याची चादर बदलली, त्याची खिचडी मऊ केली, टॉवेल घडी करून ठेवले. मला काही म्हणजे काही वाटेनासं झालं होतं. राग यायचा तिथे राग येईना, भीती वाटायची तिथे भीती वाटेना. हात आपले चालत होते.

अशातच फोन आला, घरच्यांच्या काउंटरवरून. येत्या गुरुवारी ह्यांचा नंबर लागलाय, खुब्याच्या ऑपरेशनसाठी उपाशीपोटी घेऊन या, चुकवलंत तर नाव तळाला जाईल. मी म्हटलं, आणते.

पुन्हा तोच हिरवा झगा, तोच बाक. ह्यांना बसवेना म्हणून चाकाच्या खुर्चीत ठेवलं. नवा एक्स-रे काढला. मोठे डॉक्टर आले, फोटो उजेडाला धरला आणि बघतच राहिले.

"याचा खुबा तर बदललेला आहे," ते म्हणाले. "कुणी केलं हे?"

"तुम्हीच," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग परत फोटोकडे. ह्यांच्याकडे बघितलं नाही. आता ओरडतील, कुणालातरी बोलावतील, असं धरून मी चालले होते. सगळे कागद मीच केले, कुणाला काही माहीत नाही, हे उत्तर घोकून ठेवलं होतं. पण त्यांनी काही विचारलंच नाही. झगा बाजूला करून पट्टी काढली, जखमेभोवती बोट दाबलं. हे कण्हले. डॉक्टर म्हणाले, आत पू झालाय, बसवलेलं सगळं काढावं लागेल, आजच काढतो. जखम पूर्ण सुकली की मग नवीन बसवायचं. तोवर तिथं सांधाच नसणार, या पायावर भार द्यायचा नाही.

"नवीन कधी बसवाल?" मी विचारलं.

ते हात धुवत होते.

"तारीख काउंटरवर देतील," ते म्हणाले. "घरचेच ना तुम्ही?"

मी हो म्हटलं. ह्यांना आत न्यायला दोघं आले. तापाने ह्यांना धड ऐकू आलं नव्हतं. खुर्ची वळवताना ह्यांनी माझं मनगट धरलं आणि विचारलं, मिळाली का गं तारीख? मी म्हटलं, मिळाली. दार बंद झालं, तशी मी खाली जाऊन घरच्यांच्या रांगेत उभी राहिले.