तांब्याच्या हंड्यातलं पाणी

तुम्ही खोटं बोललात. सही करून, शिक्का मारून खोटं बोललात. कागद माझ्याकडे आहे: ‘नळाच्या पाण्यात कोणताही बदल केलेला नाही. पाणी पिण्यास योग्य.’ तारीख बारा एप्रिल. तुमच्या पाणीपुरवठा कार्यालयाच्या तीन नंबरच्या खिडकीतून हा कागद मला मिळाला, आणि महिन्याभरात माझा भाऊ दुसऱ्यांदा मेला.

पहिल्यांदा तो जानेवारीत मेला, हृदय बंद पडून. ल्युबिशा त्याचं नाव. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब, पण डॅन्यूबकाठच्या आमच्या या गावात त्यानं अकरा वर्षं बैठकीच्या खोलीत काचेच्या टाकीत समुद्र पाळला. त्यातलं त्याचं लाडकं म्हणजे हिरव्या बोंडांचं एक प्रवाळ. प्रवाळाचं असं असतं, की तोडून दिलेला तुकडा हाही तोच जीव. त्यानं बऱ्याच जणांना तुकडे दिले होते, ते त्यांच्याकडे मेले. मार्चमध्ये त्याच्या टाकीचा सांधा सुटला तेव्हा मुठीएवढा एकच उरला होता. विदोसावा वहिनी तो बादलीतून माझ्याकडे घेऊन आल्या.

“भाऊजी, त्याच्या हातचं जिवंत असं एवढंच आहे. तुम्हाला जमेल ना?”

“जमेल,” मी म्हणालो. मी बसचे ब्रेक दुरुस्त करतो. मला वाटलं, पाणी ते काय!

नवी टाकी आणली. भावाचेच दगड घातले, त्यांत घाण पचवणारे जिवाणू असतात. नळाचं पाणी आरओतून काढून त्यात समुद्री मीठ कालवलं. सगळं त्याच्या वहीत लिहिलं होतं तसं. तरी तपासणीचे थेंब टाकले की पाणी हिरवं. हिरवं म्हणजे अमोनिया, म्हणजे विष. वहीत उपाय लिहिलेला: पाणी बदला. बदललं. दुसऱ्या दिवशी आणखी हिरवं. पुन्हा बदललं. प्रवाळ मिटून बसलं, बोंडं आत ओढून.

तीन आठवड्यांनी डोकं चाललं आणि थेंब नळाच्या पाण्यातच टाकले. हिरवं. मी औषध म्हणून विषच ओतत होतो.

माशांच्या दुकानातला शांडोर म्हणाला, “पाणीवाल्यांनी क्लोरीन बदललं असणार. आता क्लोरीनला अमोनिया जोडून टाकतात, जास्त टिकतं म्हणून. तसं असेल तर तुझा फिल्टर ती जोडी फोडतो आणि अमोनिया टाकीत जातो. फिल्टरात बसवायची वेगळी नळकांडी लागेल. बाहेरून मागवावी लागते, तीन आठवडे. पण आधी त्यांना विचार. अमोनिया जमिनीतूनच येत असेल तर दुसरंच काहीतरी लागेल.”

म्हणून मी खिडकीवर आलो. तुमच्या बाई सँडविच खात होत्या.

“पाण्यात टाकायचं औषध बदललंय का?”

“काही बदललेलं नाही.”

“मग हे हिरवं कसं?” मी बाटली दाखवली.

“ती खेळणी दुकानदाराला दाखवा. आमच्याकडे प्रयोगशाळा आहे.” आणि मागच्या टेबलाकडे बघून, “आज मासेवाले आलेत गं!”

लेखी मागितलं तर लेखीही दिलंत. मी विश्वास ठेवला. शिक्क्याचा कागद बघितला की आम्ही गप्प बसतो, बापजाद्यांपासूनची खोड. नळकांडी मागवली नाही.

शेजारच्या तिहोमिर काकांना हे सांगितलं तर ते हसले. “अरे गाढवा, फिल्टर कशाला? ऊर्ध्वपातन कर! माझा हंडा काय फक्त आलुबुखाऱ्याच्या दारूसाठी आहे?”

त्यांच्या आजोबांचा हंडा. तांब्याचा, आरशासारखा घासलेला. दोन दिवस आम्ही अंगणात नळाचं पाणी उकळलं, तांब्याच्या वेटोळ्यातून थेंब थेंब गोळा केलं.

“पहिली धार फेकायची,” काका म्हणाले. “तिनं माणूस आंधळा होतो, मासा होणार नाही का?”

फेकली. त्याच धारेबरोबर अमोनिया गेला असणार, कारण नव्या पाण्यात तपासणीचे थेंब पिवळेधमक राहिले, हिरवे झाले नाहीत. काकांनी माझ्या पाठीत गुद्दा घातला. आम्ही त्यांच्या दारूचा एकेक पेला घेतला. नव्या पाण्यात मीठ कालवून टाकीतलं जवळजवळ सगळं पाणी बदललं. प्रवाळ उघडलं. चार दिवस बोंडं डुलत होती. वहिनी खुर्ची ओढून समोर बसल्या.

पाचव्या दिवशी दगडांबरोबर आलेल्या गोगलगायी काचेवरून गळून पडल्या. मी शांडोरकडे पाणी नेलं. त्यानं तपासलं आणि बाटली खाली ठेवली.

“हे कशात उकळलंस?”

मी सांगितलं.

“तांबं, ग्वोज्देन. माणसाला चालतं, प्रवाळाला थेंबभर पुरतं. आता ते दगडांतही मुरलंय.”

दोन दिवसांत बोंडांचं मांस सुटून पाण्यात तरंगलं. खाली पांढरा सांगाडा राहिला. तांबं मी ओतलं. ते माझ्या हातून झालं, आणि ते मी कुणाच्या माथी मारत नाही. वहिनी उकडलेले गोड गहू घेऊन आल्या होत्या, मेलेल्यांसाठी करतात ते. टाकीकडे बघून त्यांनी वाटी टेबलावर ठेवली.

“आता तो कुठेच नाही,” म्हणाल्या.

तिहोमिर काकांनी हंडा गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकला. माझ्याशी बोलत नाहीत, लाजेनं.

आणि परवा वहिनींनी फोनवर एक फोटो पाठवला. त्या दवाखान्यात किडनीच्या विभागात फरशी पुसतात. तिथं भिंतीवर तुमचं पत्र लावलंय: ‘पाण्यात आता क्लोरीन-अमोनियाचं मिश्रण वापरलं जात आहे. रक्त शुद्ध करणाऱ्या यंत्रांसाठी खबरदारी घ्यावी.’ शिक्का तोच. तारीख तीन मार्च.

दवाखान्याला कळवलंत ते बरं केलंत, नाहीतर माणसं मेली असती. म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. चाळीस दिवस आधीपासून ठाऊक होतं. खिडकीत मला खरं सांगायला एक शब्द लागला असता: ‘हो.’ मी नळकांडी मागवली असती आणि काकांचा हंडा दारूपुरताच राहिला असता.

टाकीचा पंप अजून चालू आहे. बंद करायला हात जात नाही. रिकाम्या सांगाड्यावरून पाणी फिरतं.

दोन्ही कागद सोबत जोडले आहेत. माझा प्रश्न पाण्याचा नाही, प्रवाळाचाही नाही, ते गेलं. तीन मार्चला ठाऊक असलेली गोष्ट बारा एप्रिलला मला ‘नाही’ म्हणून कुणी लिहून दिली, आणि का? नाव लिहा. कारण लिहा. उत्तर द्या.