चेकरबाईंचा सराव

"वहिनी, पाणी ओतून टाका आता."

डोंगराच्या माथ्यावर पोचल्याबरोबर तो म्हणाला. तिने सॅकचे पट्टे सोडलेसुद्धा नाहीत.

"असू दे."

"अहो, चढताना वजन हवं म्हणून बाटल्या भरायच्या. उतरताना कशाला? गुडघे कामातून जातील."

"जाऊ देत. माझेच आहेत."

आपल्या बाटल्या त्याने एका झुडपाच्या बुंध्याशी रिकाम्या केल्या. ती तिरक्या नजरेने पाहत राहिली. स्वतःचा भार हलका करायची याची सवय जुनीच दिसते, असं तिच्या मनात आलं.

बसमध्ये चढून तिकिटं तपासणं हे तिचं काम. डेपोत सगळे तिला चेकरबाईच म्हणत. तिकीट न काढलेला माणूस खिडकीबाहेर जरा जास्तच मन लावून बघतो, न विचारताच खिसे चाचपायला लागतो, हे तिला पाठ झालं होतं. आपल्या नजरेतून कुणी सुटत नाही, असा तिचा लौकिक होता आणि तिला तो आवडायचा.

आणि हा माणूस, नवऱ्याचा जिवलग मित्र, औषधाच्या दुकानात बसणारा, गेल्या वर्षी बर्फाच्या शिखराच्या मोहिमेवरून एकटाच परत आला होता. छापखान्यात काम करणारा तिचा उंच, किडकिडीत नवरा, मित्रांचा लंबू, तिकडेच राहिला. एवढ्या उंचीवरून त्याला खाली आणणं कुणाला शक्य झालं नाही. बर्फाच्या कडेला दगड रचून त्याला झाकलं, असं याने घरी येऊन सांगितलं.

"आदल्या संध्याकाळी चांगला होता हो. सूप प्यायला, हसला. सकाळी उठलाच नाही."

हे वाक्य तिने पुन्हा पुन्हा ऐकलं होतं आणि एकदाही तिला ते पटलं नव्हतं. उंचीवर माणूस असा फटकन जात नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं. डोकं दुखायला लागलं की पुढे चढायचं नाही, हा तर पहिला नियम. नवऱ्याच्या परत आलेल्या जॅकेटच्या खिशात डोकेदुखीच्या गोळ्यांची रिकामी पट्टी निघाली होती. म्हणजे याला ठाऊक होतं. शिखर जवळ आलं होतं, याला ते हवं होतं, म्हणून याने मित्राला गोळ्या चारून पुढे रेटलं. तिचा हिशोब पक्का होता.

म्हणून यंदा हा मित्र पुन्हा त्याच शिखरावर जाणार असं कानावर आलं, तेव्हा ती त्याच्या दुकानात जाऊन उभी राहिली. "मीही येते. त्याला ठेवलंय ती जागा मला बघायचीय."

त्याने हातातली औषधं फळीवर ठेवली. मग म्हणाला, "चालायची सवय करावी लागेल. दर सुट्टीला."

तेव्हापासून दर सुट्टीला दोघं डोंगर चढत होती. आधी गावाबाहेरची टेकडी, मग टेकडीमागचा डोंगर, मग पाठीवर ओझं घेऊन त्याच्याही पलीकडची डोंगरधार. ती मुद्दाम मागे चालायची. तो सारखा वळून बघायचा. अपराधी माणूसच इतक्यांदा मागे बघतो, असं ती मनाशी म्हणायची.

घरी सासूबाई वाटच बघत असायच्या.

"विचारलंस त्याला?"

"नाही अजून. वर गेल्यावर विचारणार. तिथे, त्या दगडांपाशी. तिथे खोटं नाही बोलता येणार त्याला."

"खोटं काय, कुठेही बोलता येतं." सासूबाई भाजी निवडत म्हणाल्या. "शेजारीण विचारत होती, सून सुट्टीच्या दिवशी कुणाबरोबर जाते म्हणून."

"मग काय सांगितलंत?"

"म्हटलं, माझ्या मुलाकडे जायची तयारी करतेय."

ती बूट धुवायला मोरीत गेली.

दरम्यान उजवा गुडघा कुरकुरायला लागला होता. आधी नुसता जिने उतरताना, मग बसच्या पायऱ्यांवर, मग रात्रभर. याच्या कानावर गेलं तर हा मला वगळायला टपलेलाच आहे, अशी तिची खात्री होती. म्हणून गोळ्या तिने डेपोजवळच्या दुकानातून घेतल्या, त्याच्या दुकानातून नाही.

निघण्याआधीचा शेवटचा मोठा सराव होता. दुसऱ्या धारेवर तो बुटाची नाडी बांधायला वाकला. तिने पाठ फिरवली आणि गोळी तोंडात टाकून वर पाणी प्यायली.

"बरंय ना, वहिनी?"

"एकदम!" ती हसली. आणि त्याला संशय यायला नको म्हणून तिने डेपोतला किस्साही सांगितला. तिकीट नसलेल्या एका गृहस्थाने तिला बघून झोपेचं सोंग घेतलं होतं आणि शेवटच्या थांब्यापर्यंत बिचाऱ्याला डोळे उघडता आले नव्हते. तो खळखळून हसला. तीही हसली. गुडघ्यात सुरी फिरत होती आणि ती हसत होती.

हसता हसता ती थांबली.

आदल्या संध्याकाळी चांगला होता हो. हसला.

ती खाली दगडावर बसली. तो पुढे गेला होता. वळून बघून धावत परत आला.

"काय झालं?"

"गुडघा. खूप दिवस झाले. गोळ्या खाऊन चालतेय."

त्याने खाली बसून गुडघ्याला नुसता हात लावला. तिच्या तोंडून 'आई गं' बाहेर पडलं. तो पांढराफटक पडला.

"मी रोज औषधं विकतो," तो म्हणाला. "माझ्या लक्षात यायला हवं होतं."

"मी येऊ दिलं नाही."

वारा सुटला होता. तिने सॅक उतरवून बाजूला ठेवली.

"त्यानेही नसेल येऊ दिलं," ती म्हणाली.

तो तोंड फिरवून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. मग तो म्हणाला, "तुमचा माझ्यावर संशय होता. मला कळत होतं."

"मग कशाला नेत होतात?"

"त्याच्या घरातलं कुणीतरी माझ्यामागे चालत होतं. तेवढं पुरे होतं मला."

तिने बाटल्यांची झाकणं काढली आणि एकेक करून पाणी मातीत सोडलं.

"मला आता वर नेता येणार नाही ना तुम्हाला?"

त्याने मान हलवली. नाही.

"मग तुम्ही जा. थंडीने दगड सरकले असतील, तर नीट रचा." तिने आपली सॅक त्याच्याकडे सरकवली. "आणि त्याला सांगा, मी निघाले होते म्हणून."

उतार तीव्र होता. सरळ उतरणं तिला जमेना, तेव्हा त्याने तिला तोंड डोंगराकडे करायला सांगितलं. तिची सॅक त्याने छातीवर अडकवली, आपली पाठीवर, आणि तो तिच्या खाली उभा राहिला. ती उलट्या पावलांनी उतरायला लागली. पाय कुठे पडतोय ते तिला दिसत नव्हतं.

"डावा खाली. अजून थोडा. हां, टेका," खालून आवाज आला.

तिने पाय टेकला.